बिरोबाचा भंडारा आन् खानीचा भोंगा

त्या दिवशी खानीच्या फाटकाम्होरं जांभळीखाली कोन कोन हुतं ते आदी सांगते, म्हंजे पुढं घोळ व्हायचा न्हाय. नावं सांगत न्हाय, सगळ्यास्नी हितंच जगायचं हाय. मी हुते. आमचं म्हातारं हुतं, काठी मांडीवर आडवी घिऊन बसल्यालं. माजी सून हुती. बिरोबाचा पुजारी हुता आन् त्येची थोरली ल्येक, डोळ्यावर पट्टी बांदल्याली. कोल्हापुरातनं आल्याला युनियनचा मानूस हुता. खानीचं म्यानेजर सायेब हुतं. तालुक्याच्या तहसीलदार बाई हुत्या, छत्री धरायला शिपाई घिऊन. त्येंच्या मागं पोलिसाची गाडी हुती, तिच्यातली मानसं अजून खाली उतरली न्हवती. आन् दगड फोडायला जानारी सगळी वाडी हुती.

मी दुसरीपातूर शाळंत गेलते. मी सांगते, नात लिवत्या. तिला म्हटलंय, माजं बोलनं सुदरवू नगंस.

आमची वाडी सड्यावर हाय. सडा म्हंजे डोंगरावरचं सपाट रान. वर गवात, खाली तांबडा दगड. त्यो दगड बाक्साइटचा. त्येची भांडी हुत्यात म्हनं, इमानं हुत्यात म्हनं. आमी त्यो फोडतो, पुढचं आमास्नी ठावं न्हाय. माजं म्हायेर नेसरीकडचं, तिकडं शेतातलं काम. लगीन हून हितं आले तवा सासूनं हातात हातोडा दिला आन् म्हनाली, "डोळं बारीक करून मारायचं, कपची उडत्या." तेवढंच शिकिवलं.

तवा खानीत मशीन न्हवतं. दगडात भोक पाडायचं, सुरुंग भरायचा आन् बार उडवायचा. बाराच्या आदी मुकादम जांभळीला टांगल्याला लोखंडी रूळ ठोकायचा. ठण ठण आवाज आला की आमी हातोडा टाकून घळीत पळायचो. सगळ्यास्नी ऐकू यायचा, कारन सड्यावर दुसरा आवाजच न्हवता. मग जेसीबी आलं, डंपर आलं, भोकं पाडायचं मशीन आलं. रूळ तसाच टांगल्याला ऱ्हायला. मुकादम ठोकायचा, आन् शेजारी बसल्यालीला बी ऐकू जायचं न्हाय. आमच्या म्हाताऱ्याचा गुडघा त्यातच गेला. दगड आला त्यो त्येनं बगितला सुदीक न्हाय. तवापास्नं त्ये घरात आन् त्येच्या जागी सून खानीत.

त्या साली थंडीत पुजाऱ्याच्या ल्येकीचा डोळा गेला. माज्या सुनेच्या शेजारीच बसली हुती. सून वाकली हुती पाटी उचलायला म्हणून वाचली. घरला आली ती आंगावर त्या पोरीचं रगात घिऊन, आन् चुलीम्होरं बसून भाकरी थापायला लागली. मी म्हटलं, "आंग धू आदी." ती म्हनाली, "भाकरी झाल्यावर." त्या रातीपास्नं मला एकच इचार. ही पोरगी उद्या खानीत बसनार, आन् बार कदी उडंल हे तिला कळनार न्हाय.

आमी काम बंद केलं. मागन्या दोन. बाराच्या आदी समद्या सड्यावर ऐकू जाईल असा भोंगा पायजे. आन् खानीच्या काठाला सिमेंटचा पक्का आडोसा पायजे, भोंगा झाला की आत जाऊन बसायला. युनियनचा मानूस म्हनाला, "आजी, पगारवाढ बी टाकूया की यात." मी म्हटलं, "आदी डोळं ऱ्हाऊ देत, मग नोटा बगू."

काम बंद झालं त्येच्या दुसऱ्याच दिवशी पान्याचा टँकर बंद झाला. आमचा झरा खान खोल गेल्यापास्नं आटला, तवापास्नं पिन्याचं पानी कंपनीचा टँकर आनतोय. म्यानेजर सायेबानं निरोप धाडला, वरनं हुकूम हाय, काम न्हाय तर टँकर न्हाय. मग आमी बाया खालच्या ओढ्याला जायला लागलो. उतरताना गुडघं भरायचं, चढताना छाती. माज्यापुढं सून असायची, डोक्यावर दोन घागरी. मागं बगून म्हणायची, "आत्ती, थांबा. मराल की वाटंत. मग पानी कोन आनायचं?"

तर त्या दिवशी जांभळीखाली तहसीलदार बाई आल्या. बाई तरन्या, बोलायला सरळ. म्हनाल्या, "जमावबंदीचा आदेश आहे. आधी कामावर जा, मग चर्चा करू."

आमचं म्हातारं बसल्याजागीच म्हनालं, "बाई, आमी जमाव न्हाय. आमी वाडी हाय. रोजच हितं असतो."

लोक हसलं. बाई हसल्या न्हाईत. पोलिसाच्या गाडीचं दार उगडलं. दोगं-तिगं उतरून काठ्या घिऊन हुबं ऱ्हायलं. माजी सून पुढं सरकली तशी मी तिचा पदर मागनं धरला.

म्यानेजर सायेब मधी आलं. ह्यो मानूस तसा वाईट न्हवता. दर पुनवेला नरसोबाच्या वाडीला जायाचा, येताना पुडीत पेढं आनून मुकादमाला द्यायचा, वाटायला. म्हाताऱ्याच्या गुडघ्याचं आपरेशन झालं तवा कोल्हापूरच्या दवाखान्यात बगायला आल्याला कंपनीचा ह्योच एकला. त्येनं म्हाताऱ्याम्होरं हात जोडलं. म्हनाला, "मामा, भोंगा आणि आडोसा मी करून देतो. पाडव्याच्या आत. माझ्यावर विश्वास ठेवा आणि काम सुरू करा."

युनियनचा मानूस लगीच म्हनाला, "लेखी द्या सायेब. तहसीलदार म्याडमच्या समोर सही करा."

म्यानेजर म्हनाला, "लेखीला मुंबईहून परवानगी लागते. वेळ जाईल."

तवा पुजारी उठला. ल्येकीचा डोळा गेल्यापास्नं त्यो कुनाशी बोलत न्हवता. त्यो देवळात गेला आन् ताटलीत बेलाचं पान आन् देवाचा भंडारा घिऊन आला. आमच्यात शब्द द्यायचा तर असाच देत्यात. बेलाच्या पानावर बिरोबाची हळद ठेवायची आन् ती हातात उचलायची, शब्द पुरा हुईस्तवर पुडीत बांदून जवळ ठेवायची. उचलली की झालं. जिमिनीची भांडनं आमच्यात ह्याच्यावर मिटल्यात, सोयरिकी ह्याच्यावर झाल्यात. आन् उचलल्याला भंडारा खोटा पडला तर उचलनाऱ्याला लागतो, तसा उचलायला लावनाऱ्याला बी लागतो. म्हणून कुनी उगं पुढं करत न्हाय.

पुजाऱ्यानं ताटली म्यानेजरम्होरं धरली. "उचला," म्हनाला. दुसरं काय न्हाय.

म्यानेजर सायेबाचा चेहरा उतरला. त्यो बाजूला गेला, करवंदीच्या जाळीपाशी, आन् फोनवर बोलत ऱ्हायला. आमी बगत बसलो. लई येळ बोलला. मग आला, बूट काढलं, मोजं काढलं, आन् पाडव्याच्या आत भोंगा आन् आडोसा देतो असं म्हनून भंडारा उचलला. सुनेनं मोबाईलवर त्येचा व्हिडिओ घेतला.

युनियनचा मानूस तरी म्हनाला, "मामा, कागद घ्या. देव करार करत न्हाय."

आमचं म्हातारं त्येच्यावर खेकसलं, "देवाम्होरं कागद मागतोस व्हय रं? कोल्हापुरात चालत असंल."

"मग बसा भंडारा चाटत," असं म्हनून त्यो गाडीला लाथ मारून निघून गेला. कुनी त्येला थांबिवलं न्हाय. आमास्नी वाटलं, ह्येला आपली रीत कळत न्हाय.

तहसीलदार बाईंनी घड्याळ बगितलं. "मिटलं ना? छान." छत्री गेली, पोलिसाची गाडी गेली. सांजच्याला टँकर आला. आमी काम सुरू केलं.

पाडवा आला आन् गेला. भोंगा न्हाय, आडोसा न्हाय. इचारायला गेलो तर खुर्चीत दुसराच मानूस. पहिल्या सायेबाला कंपनीनं लांब दुसऱ्या खानीवर धाडलं हुतं. हा नवा म्यानेजर पोरगाच, लई गोड बोलायचा. "आजी, बसा. पाणी घ्या. तुम्ही सांगता ते मला माहीत नाही हो. भंडारा त्यांनी उचलला ना? त्यांना विचारा. कंपनीनं तर काही उचललेलं नाही."

तहसीलला गेलो. बाई म्हनाल्या, "लेखी कुठंय?"

मी म्हटलं, "तुमी हुता की बाई तितं. तुमच्याम्होरं उचललाय."

"मी होते. पण मी वरती काय दाखवू? हळद?" त्या रागानं न्हाय बोलल्या. खरंच इचारत हुत्या.

आन् त्याच आठवड्यात सून खानीतनं आली ती धूळ न झाडताच दारात बसली. बार उडाला तवा ती मशीनच्या आवाजात दगड फोडत हुती. बाकीच्या पळाल्या, तिनं बगितलंच न्हाय. शेजारनीनं दंडाला धरून वढली. ती बसली हुती तितं घमेल्याएवढा दगड येऊन पडला. हे सांगताना ती हसत हुती. म्हनाली, "माजा हातोडा गाडला आत्ती. दिसत न्हाय कुठं. कंपनी माज्याकडनंच भरून घेत्या आता."

दुसऱ्या दिवशी पुन्ना काम बंद. युनियनच्या मानसाला फोन केला. मला वाटलं येनार न्हाय. आला. गाडी लावली, म्हाताऱ्याम्होरं बसला आन् म्हनाला, "काय मामा, कशी हाय हळदीची चव?"

म्हातारं म्हनालं, "कडू हाय. च्या घे."

ह्या खेपंला सगळं कडक झालं. जमावबंदीचा कागद जांभळीलाच चिकटिवला. पोलिसाची गाडी दिवसभर. कामगार खात्याच्या सायबानं बैठकीची तारीख दिली, आमी वाट तुडवत गेलो, तर सायेब दुसरीकडं. पुढची तारीख. परत तेच. आन् नव्या म्यानेजरनं बाहेरनं मानसं आनली, टेम्पो भरून, बायकापोरासकट. कुठली हुती कुनास ठावं, त्येंची बोली येगळी. त्येंच्यासाठी टँकर यायला लागला. रोज सकाळी त्यो टँकर आमच्या दारावरनं जायाचा, फाटकातनं आत. आमी रिकाम्या घागरी घिऊन रस्त्याच्या कडंला हुबं. ड्रायव्हर आमच्या ओळखीचा, कैकदा आमच्यात जेवून गेल्याला. त्यो सरळ पुढं बगून गाडी हाकायचा.

एका दुपारी त्या बाहेरच्यातली एक बाई जाळीपाशी आली. कडंवर पोर. मी हातानं दावलं, बार उडतो, डोळा जातो, भोंगा न्हाय. तिला काय कळलं कुनास ठावं. पुजाऱ्याच्या ल्येकीनं पट्टी काढून दावली. ते कळलं. दोन दिसांनी ती मानसं टेम्पो यायची वाट न बगता चालत खाली उतरून गेली.

मग म्यानेजरनं आमास्नी दोगास्नी आफिसात बलिवलं. मी आन् म्हातारं. आत गार हवा, मला थंडी वाजायला लागली. च्या दिला, बिस्कुट दिलं. म्हनाला, "आजोबा, वाडी तुमचं ऐकते. मी एक मार्ग काढलाय. तुमच्या सुनेला आफिसात घेतो. चहापाणी, झाडलोट. खाणीत जायची गरजच नाही. तुमच्या घराचा प्रश्न सुटला."

म्हाताऱ्यानं माज्याकडं बगितलं. त्येनं ते माज्यावर सोडलं.

खरं सांगते, माज्या मनात एकदम मोकळं झालं. ह्याच्यासाठीच तर मी उन्हात बसलते. माजी सून त्या दगडाखालनं भाईर यायची हुती. कप हातात हुता, मी नुसती व्हय म्हटलं असतं तर झालं असतं. मी इचारलं, "तिच्या जागी खानीत कोन बसंल?"

त्यो म्हनाला, "बसेल कुणीतरी."

मला पुजाऱ्याची ल्येक दिसली. तिला धाकटी भन हाय, पुढल्या साली तीच येनार हुती हातोडा घिऊन. मी कप खाली ठेवला. म्हटलं, "च्या चांगला हाय. साखर जास्त हाय." आन् उठले.

घरात सांगितलं तर सून कमरेवर हात ठेवून हुबी. "मला न इचारता न्हाय म्हणून आलासा व्हय?"

मी म्हटलं, "जातीस का? अजून जा."

तिनं घागर उचलली. "एसीत बसले असते की आत्ती. गोरी झाले असते." आन् ओढ्याची वाट धरली. मी मागनं गेले. त्या दिवशी तिनं मला मागं बगून थांबा म्हटलं न्हाय.

त्या राती म्हातारं झोपलं न्हाय. सकाळी म्हनालं, "ताटली पुजाऱ्यानं धरली, पन भंडाऱ्यावर मिटवायचं मीच ठरिवलं. युनियनवाल्याला मीच गप केलं. त्यो भंडारा आता माज्यावर हाय." मी म्हटलं, "मग काय करतासा?" तर म्हनालं, "परत घिऊन येतो." आमच्यात तसं हाय. शब्द पुरा हुईत नसंल तर उचलल्याला भंडारा मागून घ्यायचा आन् देवाम्होरं ठेवायचा. मग उचलनारा मोकळा, लावनारा बी मोकळा. शब्द मेला असं हुतं. मला ते आवडलं न्हाय, पन मी वाटंला भाकरी बांदली.

पहिला म्यानेजर कुठं घावंल ते एकच ठावं हुतं. वैशाखातली पुनव हुती. कोल्हापुरातनं कुरुंदवाडची एस्टी धरली आन् नरसोबाच्या वाडीला उतरलो. ऊन मरनाचं. म्हातारं घाटाच्या पायऱ्या एकेक करून बसत बसत उतरलं. नदीचं पानी तळाला गेल्यालं. लोक भिजल्या धोतरानं वर येत हुतं. म्यानेजर सायेब मधल्या पायरीवर हुतं, संगं त्येची बायकू. आमाला बगितलं आन् त्यो तसाच हुबा ऱ्हायला, हातातला तांब्या वाकडा, पानी पायावर सांडत.

"मामा, तुम्ही इथं?"

म्हातारं धापा टाकत हुतं. खांद्यावरचा टावेल काढून त्येनं पुढं पसरला. "सायेब, बिरोबाचा भंडारा द्या परत. तुमी मोकळं, मी मोकळा."

म्यानेजर सायेबानं मान खाली घातली. पाकिटातनं पुडी काढली. कागदाची बारकी पुडी, पिवळी झाल्याली. त्येनं टाकून दिली न्हवती. म्हनाला, "मी त्या दिवशी फोनवर सगळं सांगितलं होतं मामा. म्हटलं, इथं असं असतं, हे उचललं की पाळावं लागतं. ते म्हणाले, उचला, आपलं काय जातंय, काम सुरू करा. मी उचललं. आणि भोंगा मागवायची वेळ आली तेव्हा माझी बदली केली."

"हे तहसीलला सांगा की मग," मी म्हटलं.

"माझी नोकरी जाईल आजी. मुली शिकतायत."

"आमची सून बी खानीतच हाय," म्हातारं म्हनालं. "आज बंद हाय म्हणून जित्ती हाय. द्या भंडारा. माजा हात दुखाय लागलाय."

त्यो पुडी टावेलात टाकनार, तवर त्येच्या बायकूनं त्येचं मनगट धरलं. ती त्येला म्हनाली, "दर पुनवेला मला इथं आणता ते कशाला? देऊ नका परत. जाऊन सांगा."

त्येनं पुडी परत पाकिटात ठेवली. म्हाताऱ्यानं टावेल झटकला आन् खांद्यावर टाकला. बैठकीची तारीख मी तेवढी सांगितली. कुनी कुनाला शब्द दिला न्हाय. पायऱ्या चढताना म्हातारं म्हनालं, "आला तर आला." मी म्हटलं, "बसा जरा." आमी सावलीला बसून बांधून आनल्याली भाकरी खाल्ली.

पुढची बैठक तहसीलच्या आफिसात. ह्या खेपंला कामगार खात्याचा सायेब आला. त्येच्या शेजारी तहसीलदार बाई, समोर नवा म्यानेजर, संगं काळ्या कोटातला वकील. आमच्या बाजूला युनियनचा मानूस, म्हातारं, पुजारी, मी आन् सून. सायेब म्हनाला, "करार दाखवा." सुनेनं मोबाईल पुढं केला. व्हिडिओ लावला. सड्यावरचं वारं हुतं त्यात, नुसतं घुंऽऽ. म्यानेजरचा हात दिसत हुता, बेलाचं पान दिसत हुतं, ओठ हलत हुतं. शब्द एक बी ऐकू येत न्हवता.

वकील म्हनाला, "हा धार्मिक कार्यक्रम दिसतो." नवा म्यानेजर गालातल्या गालात हसला.

सायेबानं मोबाईल परत दिला. "आजी, यात काय वचन दिलंय तेच कळत नाही. तुम्ही कामावर रुजू व्हा. मागण्यांचा विचार पुढच्या बैठकीत." त्यो फाईल मिटायला लागला. माज्या सुनेनं माजा हात धरला. तिचा हात गार हुता. उद्या टँकर येनार आन् ही परत त्याच जाग्यावर बसनार, एवढंच माज्या डोक्यात.

तवा दार उगडलं. पहिला म्यानेजर सायेब. दाढी वाढल्याली, शर्ट चुरगाळल्याला, रातभर गाडीत बसून आल्याला. त्यो बसला न्हाय. म्हनाला, "त्या दिवशी मी भोंगा आणि पक्का आडोसा पाडव्याच्या आत देतो असं म्हणालो. मुख्य आफिसला फोनवर विचारून म्हणालो. कुणाला विचारलं ते मी लिहून देतो."

वकील काय तरी विंग्रजीत बोलला. नव्या म्यानेजरचं हसू गेलं. कामगार खात्याच्या सायबानं फाईल परत उगडली. तहसीलदार बाई म्हनाल्या, "मीही तिथं होते. त्यांनी उचलला, मी पाहिलं. मी तेव्हाच लिहून घ्यायला हवं होतं. आज लिहून घेऊ."

तासभर लिवनं चाललं. युनियनच्या मानसानं एकेक ओळ वाचून दावली. म्हाताऱ्यानं अंगठा लावायच्या आदी इचारलं, "भोंगा सगळ्या सड्यावर ऐकू जाईल असं लिवलंय का?" त्यो म्हनाला, "लिवलंय मामा. आता भंडारा बी लावायचा असंल तर लावा वर." पुजाऱ्यानं खरंच कनवटीतनं चिमूटभर काढून कागदाच्या कोपऱ्याला लावला. कुनी आडवलं न्हाय.

भाईर आल्यावर पहिल्या म्यानेजरनं पाकिटातली पुडी काढून म्हाताऱ्याच्या हातात ठेवली. आता ती परत द्यायला हरकत न्हवती. म्हातारं म्हनालं, "जेवून जावा." त्यो म्हनाला, "गाडी आहे." आन् गेला. त्येची नोकरी ऱ्हायली का गेली, आमास्नी नीट कळलं न्हाय. दिवाळीत एकदा त्येचा फोन आला हुता. बाकी काय न्हाय इचारलं. "आजी, वाजतो का भोंगा?" म्हटलं, "वाजतोय." "बरं," म्हनाला आन् ठेवला.

भोंगा आलाय. खानीच्या काठाला उंच खांबावर बसिवलाय. पावसात बंद असल्याली खान दसऱ्यानंतर उगडली तवा पहिल्यांदा वाजला. मशीनच्या वरनं वाजला, घरात म्हाताऱ्याला सुदीक ऐकू आला. आडोसा बी झालाय, जरा बारका झालाय, दाटीवाटीनं बसायला लागतंय, पन सिमेंटचा हाय. भोंगा झाला की सून आत जात्या, बार झाला की भाईर येत्या. पुजाऱ्याच्या धाकट्या ल्येकीला संगं बसिवत्या. मी घरात भोंगा ऐकते, मग बार ऐकते, मग हातातलं काम परत सुरू करते.

आता एक नवीनच झालंय. आमच्या सड्यावर मानसं फिरायला यायला लागल्यात. फुलं बगायला, धुकं बगायला, फोटू काडायला. येऊ देत की, रान काय आमच्या एकट्याचं न्हाय. पन ती गाडीची दारं उगडी टाकून मोठमोठ्यानं गानी लावत्यात. गेल्या म्हयन्यात खानीच्या वरच्या अंगाला चार-पाच गाड्या हुब्या हुत्या, ढोलाची गानी चालल्याली. भोंगा वाजला त्यो त्यात मिसळून गेला. सून सांगत हुती, "आत्ती, मला वाटलं गान्यातलंच हाय." तिला मुकादमानं हात हालवून पळिवली म्हणून बरं.

म्हणून हे लिवून घेतलंय. वाचनारं पावणं, तुमी कुनी सड्यावर आलासा तर गाडीतलं गानं बंद ठेवा. आन् भोंगा ऐकला तर असाल तितं थांबा, बार झाल्यावर पुढं जावा.